वसंता, तू दारूने गेला नाहीस

अमरावती,
मंगळवार

प्रिय वसंता,

काल अकोल्याहून दोन माणसं आली होती, तुझ्या आखाड्यातली. त्यांना तुझा फोटो हवा होता, तो फेटा बांधलेला आणि हातात चांदीचं कडं असलेला. जुन्या पैलवानांच्या रांगेत तुला भिंतीवर लावायचं ठरलंय, म्हणाले. मी दिला नाही. तुझ्या वतीने मी नाही म्हटलं आणि तेही तुला न विचारता, म्हणून हे पत्र. तुझं वर्षश्राद्ध होऊन बारा दिवस झालेत. गेलेल्या माणसाला पत्र लिहिणं हे शिकलेल्या बाईचं खूळ आहे, असं तू म्हणाला असतास. म्हण.

दोघांतला थोरला म्हणजे नामदेव, तुझ्याबरोबर जोर काढायचा तो. चहा पिऊन बशी खाली ठेवली आणि म्हणाला, "ताई, तुमी शिकेल हा. फोटोखाली दोन ओळी बी लिहून द्या. वसंता पैलवानाले कोनी चीत नाही केलं, असं काई."

"आणि तो गेला कसा, ते लिहायचं का?"

नामदेवने बरोबरच्याकडे पाहिलं. "आता ते कायले, ताई? दारूनं चांगले चांगले गेले. आमी कोनाजवळ बोलत नाही."

आत तुझी शेवंता भाकरी थापत होती. थापण्याचा आवाज थांबला. पिठाच्या हातांनीच ती दारात आली. "नामदेव भाऊजी, त्यायले पेताना तुमी कवा पाह्यलं?"

"पाह्यलं नाही, वैनी. पन चाल तशीच होती ना."

"चालीवरून समजते तुमाले? मंग तुमची म्हैस बी पेत असन."

बरोबरचा फसकन हसला. मी म्हटलं, "फोटो देते. पण खाली मी सांगेन ते लिहायचं. डोक्याला मार लागलेला असताना याला पुन्हा पुन्हा मातीत उतरवलं, त्याने हा गेला. आणि एवढ्यावर भागायचं नाही. यापुढे डोक्यावर पडलेला गडी तुमच्या आखाड्यातून परत कुस्तीत उतरता कामा नये."

"वस्ताद नाही आयकनार, ताई."

"ऐकवायला मीच येते. शुक्रवारी."

तर शुक्रवारी मी अकोल्याला जाणार आहे. पण तिथे जे बोलायचंय त्यात माझीही चूक आहे, आणि ती वस्तादाच्या आधी तुला कळायला हवी.

मी विधवा होऊन माहेरी अकोल्याला परत आले तेव्हा तू तीन वर्षांचा होतास, आणि आई जाऊन चारच महिने झाले होते. बाबा कापसाच्या प्रेसमध्ये कारकून. साहेबाच्या मडमेने सुचवलं म्हणून त्यांनी मला अमरावतीच्या कॉन्व्हेंटमध्ये शिकवलेलं. मला इंग्रजी व्याकरण येत होतं, रुमालावर भरतकाम येत होतं, काट्याचमच्याने जेवता येत होतं. तीन वर्षांच्या मुलाला आंघोळ कशी घालायची ते येत नव्हतं. साबण डोळ्यात गेला की तू माझ्या बोटाला चावायचास आणि मग स्वतःच फुंकर घालायचास. आठवतं का तुला? शेवटी शेवटी तुला काहीच आठवत नव्हतं, तरी मी विचारत राहिले. सवय आहे.

तुला वकील करायचं माझ्या मनात होतं. तू अकराव्या वर्षी आखाड्यात गेलास आणि तिथलाच झालास. रोज संध्याकाळी कान भरून माती घेऊन यायचास. मी इंग्रजी शब्द पाठ करायला बसवलं तर तू एकेका शब्दाला एकेक बैठक मारायचास. शब्द एकही राहिला नाही, मांड्या मात्र झाल्या! बाबा म्हणायचे, पोरगा इंग्रजीवर वाढतोय.

दौलत वस्तादाबद्दल मी खोटं बोलणार नाही. स्वतःच्या म्हशीचं दूध त्याने आधी तुला पाजलं, मग आपल्या मुलांना. तुला ताप आला तेव्हा रात्रभर तो आपल्या ओसरीत बसून होता. माझ्याइतकंच त्यानेही तुला वाढवलं. म्हणूनच मला त्याच्याशी बोलायचंय, नाहीतर नामदेवच्या हाती चिठ्ठी दिली असती.

भातकुलीची दंगल तुला ठाऊक आहे तशी नव्हे, मी पाहिली तशी सांगते. तुझ्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं. बायकांनी दंगल पाहायची नाही, म्हणून शेवंता आणि मी लांब सोडलेल्या बैलगाडीत उभ्या राहिलो होतो. समोरच्या गड्याने तुला कमरेतून उचललं आणि तू डोक्यावर आलास. पाठ टेकली नाही, म्हणजे कुस्ती सुटलेली नव्हती. आम्हाला फक्त तुझे पाय दिसत होते. ते सैल पडले होते.

वस्ताद आत गेला. तुझ्या कपाळावर आखाड्याची माती दाबली, तोंडावर पाणी मारलं आणि मोठ्याने विचारलं, "तुहा वस्ताद कोन?"

ही तुमच्या आखाड्याची रीत, त्याच्याही वस्तादापासूनची. डोक्यावर पडलेल्या गड्याने वस्तादाचं नाव घेतलं की तो शुद्धीवर आला, कुस्ती पुढे चालू. नाही घेतलं तर उचलून बाहेर न्यायचं. शेवंताने माझा हात घट्ट धरला होता. मग तुझा आवाज आला, अगदी खणखणीत, "दौलत वस्ताद!" लोकांनी फेटे उडवले. तू उठलास आणि थोड्या वेळात त्या गड्याला चीत केलंस. मी गाडीतून उतरून पेढे आणवले.

परतीच्या वाटेवर तू गाडीत मागे पडून होतास. म्हणालास, "ताई, कुस्ती कोनं जितली?" मी म्हटलं, तूच की रे. अर्ध्या कोसावर पुन्हा तेच विचारलंस. भातकुलीचा ओढा ओलांडल्यावर तिसऱ्यांदा. शेवंता आणि मी पोट धरधरून हसलो. आम्हाला वाटलं, लाडात आलाय, आपली तारीफ पुन्हा पुन्हा ऐकायचीय. वसंता, ते हसणं मला अजून ऐकू येतं.

त्यानंतर असं किती वेळा झालं? कधी दंगलीत, कधी रोजच्या सरावात. तू सांगायचा नाहीस आणि आम्ही विचारायचो नाही. डोकं दुखतं म्हणालास की शेवंता सुंठ उगाळून लावायची.

आता माझी गोष्ट.

आपण मध्यप्रदेशातून मुंबई राज्यात गेलो त्या वर्षीची ती. तू दर्यापूरची कुस्ती मारून आलास. तिथेही डोक्यावर पडला होतास, हे नामदेवने नंतर सांगितलं. दोन दिवस तू खोलीचं दार लावून होतास. उजेड नको, आवाज नको. दोनदा ओकलास. पुढच्या रविवारी मुर्तिजापूरला कुस्ती ठरलेली होती आणि वस्तादाचा माणूस निरोप विचारायला दारात उभा होता. शेवंता मला म्हणाली, "ताई, तुमी पाहा ना जरा. तुमी शिकेल हा. तुमी नाही म्हनलं तं ते नाही जानार."

मी आत गेले. तुझ्याजवळ बसले. तुझ्या डोळ्यांकडे पाहिलं, ते एकमेकांशी जुळत नव्हते. आणि मी, कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली तुझी बहीण, मी तुला काय विचारलं? "वसंता, तुझा वस्ताद कोण?"

तू नाव सांगितलंस. मी बाहेर जाऊन त्या माणसाला सांगितलं, "बरा आहे. येईल."

तू मला का अडवलं नाहीस? "ताई, मला बरं वाटत नाही," एवढं म्हणायला काय झालं होतं? पैलवानाने असं म्हणायचं नसतं, हे कोणी ठरवलं? मी रागावते आहे, रागावू दे. गेल्या वर्षभरात सगळे तुझ्याबद्दल कीव करूनच बोलतात, रागावायला फक्त मी उरले.

मुर्तिजापूरला तू जिंकलास. जिंकल्यावर आपल्या माणसांकडे यायचं सोडून हरलेल्या गड्याच्या माणसांत जाऊन बसलास आणि त्यांच्याकडे पाणी मागितलंस. लोक खूप हसले. पैलवान मोठा गमत्या आहे, असं वर्षभर सांगत होते.

पुढचं तुला माहीत नाही, कारण ते तुझ्या बाबतीत घडत होतं. शाळेत ड्रिल शिकवायला तुला ठेवलं होतं. तू मुलांची नावं विसरायला लागलास, मग कवायतीचा क्रम विसरलास, आणि एक मुलगा हसला म्हणून त्याला थोबाडीत मारलीस. तुला घरी पाठवलं. एकदा भाजीत मीठ नाही म्हणून तू शेवंताच्या अंगावर तांब्या फेकलास. मीठ होतं. तिच्या कपाळावर खूण अजून आहे. रक्त पाहून तूच धावलास आणि विचारायला लागलास, "कोनं मारलं तुले? नाव सांग मले." तिने नाव सांगितलं नाही. आजही कुणी विचारलं तर ती म्हणते, न्हाणीत पडली.

बोलताना तुझी जीभ जड व्हायला लागली. हात कापायचा. पाय फेकत चालायचास. आणि मग अख्ख्या अकोल्याने ठरवलं की पैलवान पितो.

एका ओळखीच्या घरचं ते लग्न मी कधी विसरणार नाही. तू मांडवात शिरताना अडखळलास, अक्षतांचं ताट सांडलं, आणि यजमानांच्या दोन माणसांनी तुला दंडाला धरून बाहेर काढलं. तुला! दंगलीत ज्याचे पाय धरायला माणसं धावायची त्याला. मी भरल्या मांडवात त्यांच्यामागे गेले, तुझं तोंड माझ्याकडे वळवलं आणि वास घेतला. विड्याचा वास होता. मी यजमानांना म्हटलं, "या. तुम्हीही घ्या वास." कुणी पुढे आलं नाही. "मग हात सोडा त्याचा," मी म्हटलं. त्यांनी सोडला. पण दुसऱ्या दिवशी गावात काय सांगितलं गेलं? पैलवान प्यायला होता आणि त्याची बहीण भांडायला आली.

महाराष्ट्र झाला त्याच्या पुढच्या वर्षी तुला नागपूरला नेलं. म्हातारे डॉक्टर होते. त्यांनी तुला रेघेवरून चालायला लावलं, नाकाला बोट लावायला सांगितलं, चार शब्द सांगून थोड्या वेळाने ते परत विचारले. चारही गेले होते. मला बाजूला घेऊन विचारलं, "डोक्यावर किती वेळा पडलाय?" मला सांगता आलं नाही.

ते म्हणाले, मेंदू कवटीत चुन्याने बसवलेला नसतो. डोकं आपटलं की तो आतल्या आत हलतो, आपटतो. बाहेर खोक नसते, सूज नसते, म्हणून लोकांना वाटतं काही झालं नाही. आराम दिला तर बहुधा भरून येतं. पण भरून यायच्या आत पुन्हा मार बसला तर पहिल्यापेक्षा जास्त नुकसान होतं, कधी माणूस जागच्या जागीही जातो. आणि असे मार वर्षानुवर्षं बसत राहिले तर हे असं होतं. ठोसे खाणाऱ्या मुष्टियोद्ध्यांमध्ये हे पाहिलेलं आहे. मी विचारलं, "आणि कुस्तीत?" ते म्हणाले, "कुस्तीगिरांबद्दल मी पुस्तकात वाचलेलं नाही, बाई. पण डोकं काय, कुस्तीगिराचंही डोकंच."

औषध विचारलं. त्यांनी चष्मा काढून पुसला. ते पुष्कळ आधी द्यायला हवं होतं, म्हणाले, आणि त्याला पैसे पडत नाहीत. अंधारी खोली आणि आराम.

मग मी तुम्हा दोघांना इथे अमरावतीला आणलं. माझी शाळेतली नोकरी बदलीने इथे आली होती. शेवटची दोन वर्षं तू मला ओळखत नव्हतास. "या बाई कोन?" असं शेवंताला विचारायचास. एका दुपारी मी तुला पेजेचे घोट भरवत होते. सहज विचारलं, "वसंता, माझं नाव काय?" तू पाहत राहिलास. "आत्ता काय खातोयस?" तेही नाही. मग काय मनात आलं कोण जाणे, मी विचारलं, "तुझा वस्ताद कोण?"

तू पाठ ताठ केलीस. "दौलत वस्ताद."

माझ्या हातातली वाटी तशीच राहिली. रोज मातीत पाय ठेवताना तू ते नाव घेतलं होतंस, अकराव्या वर्षापासून. तुझ्यातलं सगळं गेलं असतं तरी ते नाव शेवटी गेलं असतं. आणि आम्ही तेच विचारून ठरवत होतो की तू शाबूत आहेस!

त्याच दुपारी मला कॉन्व्हेंटमधली एक गोष्ट आठवली, चाळीस वर्षांत कधी आठवली नव्हती. माझ्या वर्गातली लीला झोपाळ्यावरून दगडी पायरीवर पडली. लगेच उठली, हसली. दवाखाना पाहणाऱ्या सिस्टरने तिला खाली बसवलं तर तिने हात जोडून सकाळची अख्खी प्रार्थना न चुकता म्हणून दाखवली. आम्ही टाळ्या वाजवल्या. सिस्टर म्हणाल्या, "पाठ असलेलं मला सांगू नकोस. आज वार कोणता?" लीलाला सांगता येईना. तिला आठ दिवस अंधाऱ्या खोलीत निजवलं, पुस्तकसुद्धा दिलं नाही. आम्हाला वाटलं शिक्षाच झाली. लीला आज नातवंडं खेळवते आहे.

मला हे माहीत होतं, वसंता. दहाव्या वर्षीच डोळ्यांनी पाहिलं होतं. मग तुझ्या उशाशी बसताना ते कुठे गेलं? मला वाटतं, मला ते नको होतं. मलाही तू रविवारी जिंकायला हवा होतास.

बाकी शुक्रवारनंतर लिहीन.

शनिवार

गेले आणि आले.

आखाड्याच्या पायरीवर चपला काढल्या आणि सरळ आत गेले. लंगोटावरची पोरं पंचे शोधत पळाली. एकाने दुसऱ्याचा ओढला, त्यावरून तिथेच जुंपली. वस्ताद बाजेवर बसला होता. म्हातारा झालाय, एका डोळ्यात मोतीबिंदू आहे.

"कोन बाई आली?"

"वसंताची बहीण."

"बाईमानूस आत येत नाही इथं, ताई."

"आलेय. आता काय करता?"

तो नामदेवला म्हणाला, "चटई टाक." मी बसले. सगळं सांगितलं. नागपूरचे डॉक्टर, भातकुलीची गाडी, दर्यापूरनंतरचे दोन दिवस, माझा प्रश्न, माझं उत्तर.

तो म्हणाला, "मंग तुमी बी तेच केलं, जे म्या केलं."

"हो. म्हणून आले. एकट्या तुमची चूक असती तर पत्र टाकलं असतं."

"पन ताई, त्यानं माह्यं नाव घेतलं. दर वक्ती घेतलं. सुद नसलेला मानूस नाव घेते का?"

"मला ओळखत नव्हता तेव्हाही घेत होता."

"माह्यं?"

"तुमचं. शेवटच्या आठवड्यापर्यंत."

वसंता, त्याचा चेहरा उजळला. खरंच सांगते, क्षणभर त्याला आनंदच झाला. मग तो काय ऐकतोय ते त्याच्या ध्यानात आलं, आणि त्याने धोतराचं टोक डोळ्यांना लावलं. पोरं खांबांमागून पाहत होती.

मी माझं म्हणणं सांगितलं. डोक्यावर पडलेला गडी त्या दिवशी परत उतरायचा नाही. नाव घेवो की न घेवो. घरी जाऊन निजायचं. ओकला, डोळे फिरले, झोपेतून उठेना, तर दवाखाना. डोकं दुखायचं पुरतं थांबेपर्यंत सरावसुद्धा नाही, आणि महिनाभर दंगल नाही.

"दंगलीचा हंगामच केवढाक असते, ताई?"

"मग हंगाम जाऊ द्या."

"लोक म्हनतीन, दौलतचे गडी नाजूक."

"म्हणू द्या. माझ्या भावाला बेवडा म्हणाले, तेव्हा तुम्हाला चाललं ना?"

यावर तो उठला. "बाईमानसाचं आयकून आखाडा चालत नाही. जा तुमी. फोटो नाही लागत आमाले." आणि पाठ फिरवली.

बरोबर नेलेला फोटो मी परत पिशवीत घातला आणि गाडीत बसले. बडनेऱ्यापर्यंत राग उतरला नव्हता. घरी आल्यावर फोटो बाहेरच्या खोलीत लावला आणि खाली माझ्या अक्षरात ओळ लिहून डकवली, तीच, जी त्यांना नको होती. जो येईल तो वाचेल. आज सकाळी दूधवाल्याने वाचली आणि म्हणाला, "मले तं कोनी दुसरंच सांगतलं होतं." म्हटलं, ज्याने सांगितलं त्याला इकडे पाठव.

तीन आठवड्यांनी

हे पत्र तसंच पडून होतं. आज पुरं करते, कारण टपालाने कार्ड आलंय. अक्षर नामदेवचं, बोलणं वस्तादाचं. जसंच्या तसं उतरवते.

"ताईस नमस्कार. रविवारी मुर्तिजापूरले आपला एक गडी डोक्यावर आला. म्या इचारलं, त्यानं माह्यं नाव घेतलं. मंग इचारलं, सकाळी काय खाल्लं. तो म्हने, दौलत वस्ताद. म्या कुस्ती सोडवली. लोकायनं चपला फेकल्या. गडी मले लई बोलला, आता आखाड्यात येत नाही. घरी निजून हाये, हे म्या जाऊन पाह्यलं. पुढच्या वक्ती माह्यानं हे होईन का नाही, सांगता येत नाही. दर्यापूरची दंगल येत्या रविवारी. दौलत."

शेवंताला वाचून दाखवलं. ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, "एकटाच व्हता का हो बुडा? सत्तरीचा मानूस, अन् लोक चपला मारून राह्यले."

"रविवारी मी जाणार आहे," मी म्हटलं.

"मी बी येतो. चपला आल्या तं जोडीनं उचलून आनू."

वसंता, ज्याने तुला पुन्हा पुन्हा उठवलं त्याच्याच शेजारी मी बसणार आहे. तुला हे आवडेल की नाही, कळत नाही. मी त्याला माफ केलेलं नाही आणि स्वतःलाही नाही. पण त्या दिवशी चपला पडत असताना त्याने एका गड्याला पुन्हा उतरू दिलं नाही, आणि पुढच्या वेळी त्याचं धैर्य सुटू नये म्हणून कुणीतरी तिथे असायला हवं. ते कुणीतरी मी.

तुला वचन देते. दर्यापूर असो, भातकुली असो, अकोला असो, माझे गुडघे चालतात तोवर मी कुस्तीच्या हौदाच्या कडेला बसेन. डोक्यावर आलेल्या गड्याला मी स्वतः वार विचारीन, महिना विचारीन, सकाळचं जेवण विचारीन. आणि त्याने सगळं बरोबर सांगितलं तरीसुद्धा त्या दिवशी त्याला उठू देणार नाही. लोक ओरडतील. ओरडू देत. वर्गात पन्नास मुली ओरडत असताना मी शिकवत आलेय.

बायकांना इथे बसायची परवानगी कुणी दिली, असं विचारतील. मी ती मागितलेलीच नाही.

तुझीच,
ताई